लांजेवार काका आणि दुसरी गोळी

माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही टायरांवर कोणीतरी निळ्या खडूने फुल्या मारल्या होत्या. ॲडम्सटाउन या आयरिश उपनगरातल्या आमच्या इमारतीखाली प्रत्येकाला गाडी लावायची जागा आखून दिलेली आहे. मला वाटलं, आपण रेषेबाहेर गाडी लावली म्हणून व्यवस्थापनाने खूण केली असणार. मी त्यांना एक झणझणीत ईमेलही पाठवून दिला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या निखिलचे वडील जिन्यात भेटले आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, ते दोन टायर रिजेक्ट आहेत. मी खूण करून ठेवली."

गाडी आठच दिवसांपूर्वी सरकारी तपासणीतून पास झाली होती. मी तसं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "त्यांनी केली असेल पास. मी नाही केली." मग ईमेलबद्दल माफी मागणारा दुसरा ईमेल मलाच लिहावा लागला.

हे नारायण गणपत लांजेवार. आम्हा सगळ्यांचे लांजेवार काका. गेल्या महिन्यात भंडाऱ्याला, राहत्या घरी, झोपेत गेले. निखिल आणि मी ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एकाच ऑफिसात काम करतो, त्यानेच जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मला वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याआधी क्षणभर असंही वाटून गेलं, की आता माझ्या वस्तूंवर कोणी फुल्या मारणार नाही.

काका चौतीस वर्षं विदर्भातल्या एका दारूगोळा कारखान्यात तपासणीस होते. रायफलच्या आणि पिस्तुलाच्या गोळ्या त्यांच्या टेबलासमोरून जायच्या, आणि त्यातली सदोष गोळी उचलून बाजूला काढायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, दोन वर्षांनी सुमनकाकू गेल्या, आणि निखिल त्यांना उन्हाळ्याचे तीन महिने इकडे आणू लागला. नोकरी संपली हे काकांच्या डोळ्यांना कोणी कळवलं नसावं. सुपरमार्केटमध्ये ते अंड्यांचा प्रत्येक खोका उघडून एकेक अंडं उजेडाकडे धरत. मागे रांग लागे, आयरिश बायका हसून "टेक युअर टाइम" म्हणत, आणि मी जमिनीत गाडली जाई. घरात कुकरची शिट्टी, खिडकीची बिजागरी, नातीच्या सायकलचे ब्रेक, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नात इथलीच, मराठी कळे पण उत्तर इथल्या इंग्रजीत देई. "इट्स ग्रँड, आजोबा," म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक, असं ती म्हणाली की ते विचारत, "ग्रँड म्हणजे पास की रिजेक्ट, ते सांग."

एकदा आम्ही चाळीसेक मराठी मंडळी ल्यूकनजवळच्या बागेत पावभाजीचा बेत करून जमलो होतो. मोठा गॅस, मोठा तवा, चार किलो बटाटे उकडून आणलेले. काकांनी गॅसच्या नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, चीर आहे, पेटवायचा नाही. कोणालाच चीर दिसेना. त्यांनी निळा खडू काढून नळीवर फुली मारली आणि सिलिंडरला पाठ लावून खुर्ची टाकून बसले. त्या दिवशी चाळीस माणसांनी पावाला लोणी लावून खाल्लं. निखिलने वैतागून ती नळी जाताना कचऱ्यात फेकली. त्यामुळे काका बरोबर होते की चूक, हे कायमचं राहून गेलं. त्यांचा खरा त्रास हाच होता. त्यांनी थांबवलेली कुठलीच गोष्ट पुढे घडत नसे, आणि न घडलेल्या गोष्टीचे आभार मानायचे तरी कसे?

मी एकदा त्यांना गाठून विचारलंच. मला वाटत होतं, मागे काहीतरी असणार. त्यांच्या हातून एखादी वाईट गोळी सुटली असेल, कुठल्या तरी जवानाचा डोळा गेला असेल, आणि तेव्हापासून माणूस असा झाला असेल. तसं असतं तर मी त्यांना सगळं माफ करायला तयार होते. काकांनी बराच विचार केला. "नाही बाप्पा," ते म्हणाले, "चौतीस वर्षांत काहीच झालं नाही." आणि पुढे म्हणाले, "काहीच होऊ नये म्हणून तर पगार देत होते." मी कपाळावर हात मारून घेतला.

आता माझं थोडंसं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलेजात एनसीसीत मी नेमबाजी करायचे. इथे आल्यावर किल्डेअरच्या बाजूच्या एका क्लबात जाऊ लागले आणि पॉइंट टू टूच्या, म्हणजे सगळ्यात लहान गोळीच्या पिस्तुलाचा परवाना काढला. घरात तिजोरी बसवा, गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, ती दाखवा, क्लबाची हजेरी दाखवा, असा तो लांबलचक खटाटोप असतो. मोठ्या गोळीची पिस्तुलं तर इथे नव्याने मिळतच नाहीत. कायदा बदलायच्या आधीपासून ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाच नूतनीकरण मिळतं, आणि एकदा परवाना गेला की पिस्तूल गेलं ते गेलंच. आमच्या क्लबात असे तीन-चार म्हातारे होते. डेक्लन त्यांच्यातला एक.

निखिलने हात जोडून विनंती केली म्हणून मी एका शनिवारी काकांना क्लबात पाहुणे म्हणून नेलं. घरात दिवसभर तो आणि त्याची बायको श्रुती कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये, नात शाळेत. काका भिंतीशी बोलायला लागलेत, असं तो म्हणाला. क्लबात त्यांना पिवळ्या रेषेमागच्या बाकावर बसवून कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली. दहा मिनिटांत त्यांनी डाव्या कानावरचं टोपण वर सरकवून ठेवलं. रेंजवर देखरेख करणाऱ्या बाईंनी, म्हणजे मॉराने, तीनदा सांगितलं, मी पाच वेळा सांगितलं. "ऐकू आलं नाही तर तपासू कसं?" हे त्यांचं उत्तर. त्या बाकावर तपासायला त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं, हे मी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं.

डेक्लनला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडले. क्लोनडॉकिनला राहणारा, बसगाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला, सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस. त्याने जमिनीवर पडलेली झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी उचलून काकांना दाखवली. काकांनी ती नखावर वाजवली, कड पाहिली आणि मान हलवून परत दिली. दोघांना एकमेकांचं इंग्रजी धड कळत नव्हतं, पण त्याने काही अडलं नाही. पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवारी ऑफिसातून आल्यावर काकांना डेक्लनच्या घरी सोडायचं आणि दोन तासांनी आणायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. काका त्याला डेक्लनभाऊ म्हणत. तो त्यांच्याबद्दल बोलताना "युअर मॅन", म्हणजे इथल्या बोलीत "तो गडी", म्हणे, आणि ते इतक्या प्रेमाने म्हणे की मलाच हेवा वाटायचा.

डेक्लनच्या परसात एक लाकडी शेड होती. तिथे तो वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचा. पुंगळी साफ करायची, तळाला ठिणगी देणारी नवी कॅप बसवायची, आत बारूद, वर शिशाची गोळी. बाजारच्या गोळ्या माझ्या पिस्तुलाला मानवत नाहीत, असं तो म्हणायचा. घरी बसून हा उद्योग करायला इथे परवानगी नाही. क्लबात सगळ्यांना अंदाज होता, कोणी विचारत नव्हतं. मला तर नक्कीच माहीत होतं. मी दर गुरुवारी काकांना आणायला त्या शेडच्या दारापर्यंत जात होते.

काकांना हे कसं चाललं, हा प्रश्न मला पडायचा. माझ्या टायरांना माफी नाही आणि परवानगीशिवाय भरलेल्या गोळ्यांना आहे. विचारलं तर म्हणाले, "हात साफ आहे त्याचा." शिवाय त्यांनी तिथेही आपलं टेबल मांडलं होतं. डेक्लनने भरलेली प्रत्येक गोळी ते एका छोट्या काट्यावर तोलत. वजनात फरक आला की फुली. डेक्लन हसून ती गोळी मोडून टाकी. दोन म्हाताऱ्यांचा तो बिनपगारी कारखाना दीड उन्हाळा सुरळीत चालला. मला वाटायचं, निदान इथे तरी हे खूश आहेत, आणि निदान दोन तास माझी सुटका आहे.

गाडीत ते बोलत असत. कारखान्याचं, भंडाऱ्याच्या तांदळाचं, आणि मधेच, "आमची सुमन जायच्या आधी..." असं सुरू करत. ते वाक्य मी कधी पुरं होऊ दिलं नाही. दिवसभराच्या कामाने डोकं उठलेलं असायचं, पुढे वाहतूक तुंबलेली असायची. मी म्हणायचे, "काका, पट्टा नीट लागलाय ना?" आणि ते लगेच पट्टा तपासायला लागत. ही युक्ती मला सापडली याचा मला तेव्हा आनंद व्हायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यातल्या जूनमधला शनिवार. रेंजवर आम्ही सहाजण होतो. डेक्लन माझ्या उजवीकडे, काका मागच्या बाकावर, डावा कान उघडा. डेक्लनने चार गोळ्या झाडल्या, पाचवीला नेहमीचा दणका आलाच नाही. बारीकसा फुसका आवाज आला. पिस्तूल अडकलं की नेमबाज जे करतो तेच त्याने केलं. वरचा भाग मागे ओढला, पुंगळी बाहेर पडली, नवी गोळी आत गेली, आणि हात पुन्हा निशाण्यावर. हे इतकं सवयीचं असतं की डोकं त्यात येतच नाही.

"थांब, डेक्लनभाऊ."

काका ओरडले म्हणावं, तर तसंही नाही. चौतीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात ज्या आवाजात ते मालाचा सरकता पट्टा बंद करायला सांगत असतील, त्या आवाजात ते म्हणाले. शब्द मराठी, तरी आम्ही सहाच्या सहाजण थांबलो. मॉराने लगेच सगळ्यांची पिस्तुलं खाली ठेवायला लावली. डेक्लनच्या कपाळावर आठी होती. काका रेषा ओलांडून पुढे आले होते, आणि मी मनात म्हणत होते, आता इथेही फुली, आता इथूनही आपल्याला काढणार.

मॉराने पिस्तूल रिकामं करून नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यावर जाऊन थांबली. आत आधीची गोळी अडकून बसली होती. त्या पुंगळीत बारूदच नव्हतं. नुसत्या कॅपच्या धक्क्याने गोळी नळीत शिरली आणि मधेच राहिली. तिच्यामागून दुसरी सुटली असती तर नळी डेक्लनच्या हातात, तोंडापासून दोन फुटांवर, फुटली असती. आम्ही त्या सळईकडे बघत राहिलो. काकांनी थांबवलेली एक गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली होती, आणि मला वाटलं, झालं, आता यांचं समाधान होईल आणि आपण घरी जाऊ.

डेक्लन खुर्चीत बसला आणि ग्रँड, ग्रँड म्हणत राहिला. मॉराने अपघातांची वही आणली. गोळी कुठली, हे लिहावं लागतं. डेक्लनने खाली बघत सांगितलं, फॅक्टरीची, दुकानातल्या जुन्या खोक्यातली. मॉराला खरं ठाऊक नसेल असं नाही, पण तिने पेन टेकवलं. क्लबातल्या सगळ्यांनी एकाच वेळी चहाकडे वळायचं ठरवलं. ती सगळी भली माणसं होती, आणि मीही त्यांच्यातलीच होते.

काकांना इथलं भरभर इंग्रजी कळत नसे, पण 'फॅक्टरी' हा शब्द कळला. ते माझ्याकडे वळले. "बेटा, ती काय लिहून राहिली?"

मी सांगितलं, काही नाही, नेहमीचं.

"फॅक्टरीची म्हणून राहिला तो?" ते म्हणाले. "ती फॅक्टरीची नाही. गुरुवारची आहे. शेडमधली. सांग तिला."

मॉराने विचारलं, काय म्हणतात हे? आणि मी म्हणाले की ते घाबरलेत, बाकी काही नाही. हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले. डेक्लनचा परवाना गेला तर ते पिस्तूल त्याला जन्मात परत मिळणार नव्हतं. मला माझ्याही परवान्याची काळजी होती, तेही कबूल करते. मी काकांचा दंड धरला आणि दात आवळून मराठीत म्हणाले की आता एक शब्द बोलू नका, तो तुमचा मित्र आहे, इथे तुमचा एकच मित्र आहे.

"म्हणूनच," काका म्हणाले. "फॅक्टरीत कोणीतरी बसलं असते टेबलावर. त्याचं नाव लागते त्या खोक्याला. त्यानं कोणाचं काय बिघडवलं?"

मग त्यांनी हलकेच दंड सोडवून घेतला, मॉराच्या हातून पेन मागून घेतलं आणि वहीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत, कारखान्यातल्या पद्धतीने, एकाखाली एक लिहिलं. माल, घरी भरलेला. दोष, बारूद नाही. कारण, भरताना पाहुणा बोलत होता. वजन, पाहुण्याने केलं नाही. पाहुणा, एन. जी. लांजेवार. खाली सही.

येताना गाडीत मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग सांगितलं, बारूद भरायच्या खोलीत बोलायचं नसतं, हा त्यांच्या कारखान्याचा पहिला नियम. त्या गुरुवारी मात्र ते काकूंच्या शेवटच्या पंधरा दिवसांबद्दल सांगत बसले होते. निम्मं मराठीत, निम्मं मोडक्या इंग्रजीत. डेक्लनने हातातलं काम थांबवून पूर्ण ऐकलं, मधे एकदाही विषय बदलला नाही. पुन्हा काम सुरू करताना एक पुंगळी तशीच पुढे गेली असणार. काका डोळे पुसत होते, म्हणून त्यांनी त्या दिवशी काटा लावलाच नाही.

पुढचं नियमाप्रमाणे झालं. क्लबाने वही गार्डांकडे दिली. डेक्लनचा परवाना रद्द झाला, पिस्तूल जमा झालं, शेड रिकामी केली गेली. मला क्लबाने समज दिली आणि पाहुणे आणायला बंदी केली. निखिलने वडिलांशी दोन दिवस अबोला धरला. दर गुरुवारी संध्याकाळी काका बूट घालून खाली माझ्या गाडीशी येऊन उभे राहत, मग मला ऑफिसची पिशवी वर न्यायला मदत करत आणि परत जात. डेक्लन फोन उचलत नव्हता. माझा राग तेव्हाही होता आणि खरं सांगते, थोडासा अजूनही आहे. शेड बंद कर, एवढं डेक्लनला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. दुसरी गोळी सुटली नव्हती. कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी ते परत निघाले. निखिलची मीटिंग होती, त्यामुळे विमानतळावर सोडायला मीच. ॲडम्सटाउनहून निघताना ते म्हणाले, पाच मिनिटं क्लोनडॉकिनला थांबशील? मी घड्याळ बघितलं, उसासा टाकला आणि गाडी वळवली.

मी गाडीतच बसून होते. काकांनी घंटा वाजवली. डेक्लनने दार उघडलं आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. काकांनी दोन्ही हात जोडले आणि काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. तो त्यांच्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग त्याने दार लावून घेतलं. काका तसेच हात जोडून बंद दारापुढे थोडे थांबले आणि सावकाश परत आले.

मला डेक्लनचा राग आला, काकांचा आला, स्वतःचा तर फारच आला. मी गाडी सुरू केली. काही बोलायचं म्हणून म्हणाले, जाऊ द्या काका, येईल त्याचं मन ठिकाणावर.

"नाही येणार," ते म्हणाले. "पण तू पाहिलं काय? उजव्या हातानं लावलं त्यानं दार. पाचही बोटं होती. आणि दोन्ही डोळ्यांनी पाहून राहिला होता माझ्याकडे."

इतकं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि ते रडायला लागले. मी बाजूला घेऊन गाडी बंद केली आणि म्हणाले, "काका, सुमनकाकूंचं सांगा."